मी न धावलेले सव्वीस किलोमीटर

गेल्या येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दिवशी धाराशिव जिल्ह्यात झालेल्या ऐंशी किलोमीटरच्या शर्यतीत माझा तिसरा क्रमांक आला. त्यातले शेवटचे सव्वीस किलोमीटर मी धावलेलो नाही. चाललेलोही नाही, कुणाच्या गाडीवर बसून गेलेलो नाही. त्या वेळात मी लोहाऱ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून दोन वावरं आत, एका अनोळखी कुटुंबाच्या कडब्याच्या कोपीत झोपलो होतो.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. एका दैनिकात मी बावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी डेस्कवर. अमावस्येला दिसलेली बाई, विहिरीतून येणारा आवाज, आपोआप पेटणारी गंजी... अशा बातम्या तालुक्यांतून नेमाने यायच्या आणि मी त्या नेमाने बाजूला ठेवायचो. वार्ताहरांना माझा एकच प्रश्न असे – हे सांगणारी, एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं आहेत का? नसतील तर छापायचं नाही. हा नियम मी कितीतरी नव्या मुलांना शिकवला. त्याच नियमाने माझ्यावर काय वेळ आली, ते सांगायला हे लिहितो आहे. सांगताना लाज वाटते. ती लपवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – मॅरेथॉनपेक्षा लांब पल्ल्याच्या शर्यतीला अल्ट्रा म्हणतात. मी पंचेचाळिशीनंतर धावू लागलो. या अंतराच्या दोन शर्यती मी अर्धवट सोडल्या होत्या. एकदा पोटाने साथ सोडली, एकदा मनाने. त्यामुळे ऑफिसात माझं नाव 'हाफ-टाइम' पडलं होतं. तिसऱ्या वेळी ऐंशी पुरे करायचे, एवढंच ठरवून मी ही शर्यत निवडली. दुसरं कारण, रस्ता ओळखीचा होता. आमचं मूळ गाव मुरुम, सासरही मुरुमचंच. जळकोटहून निघायचं, गावरस्त्यांनी वळसे घेत लोहाऱ्यावरून माकणीच्या धरणापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने जळकोटला परत यायचं.

शर्यत भरवणारा क्लब मोठ्या शहरातला. त्यांनी रविवार बघितला, हवामान बघितलं, रस्त्याची परवानगी काढली. एक गोष्ट बघितली नाही. त्या रविवारी येळवस होती.

येळवस किंवा वेळ अमावस्या म्हणजे काय हे आमच्या भागाबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. डिसेंबर-जानेवारीतली ही अमावस्या. ज्वारी पोटरीत आलेली असते, हरभरा घाटे धरतो. त्या दिवशी गावंच्या गावं कुलूप लावून वावरात जातात. कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडून त्यांची पूजा करायची आणि मग जेवायचं – पालेभाज्या आणि डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, खीर. ज्याला वावर नाही तोही कुणाच्या तरी वावरात जेवतो. रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून बोलवायचं, ही रीत आहे. बोलावल्यावर नाही म्हणायचं नसतं.

माझा मेहुणा राजशेखर मुरुमला कृषी सेवा केंद्र चालवतो. मला शर्यतीत पाणी, मीठ, मोजे पुरवायला तो गाडी घेऊन येणार होता. तारीख ऐकली तेव्हाच तो फोनवर हसायला लागला.

"दाजी, तुमच्या त्या क्लबवाल्यांना कॅलेंडर कुणी दिलंय? येळवस हाय त्या दिवशी. गावात कुत्रंबी राहत न्हाय. पाण्याला बसवलेली पोरं पळून जातील वावरात."

"त्यांनी स्वयंसेवक नेमलेत म्हणे."

"नेमू द्या की. भज्जीचा वास सुटला की नेमलेली माणसं बसतेत व्हय टेबलावर? आन् तुम्हाला काय, प्रत्येक बांधावरनं हाका येणार. तुम्ही पळणार का जेवणार?"

"पळणार."

"बघू," राजशेखर म्हणाला. "आमच्या ताईला सांगून ठेवतो, दाजी येळवशीला उपाशी पळाले म्हणून."

त्याचं म्हणणं खरं ठरलं. माकणीच्या आधीच्या दोन पाणपोयांवर टेबलं होती, पाण्याचे जार होते, माणूस नव्हता. एका जारखाली चिठ्ठी होती – 'वावरात आहोत, हाक मारा.' वेळ नोंदवणारी यंत्रं मात्र चालू होती. छातीवरच्या नंबराच्या कागदात एक चिप असते; रस्त्यावर अंथरलेल्या पट्टीवरून गेलं की तिची नोंद होते. माणसाची गरज नसते.

सकाळभर मी ठीक होतो. लोहाऱ्याच्या पुढे ऊन चढलं तशा हाका सुरू झाल्या. "ओ पाव्हणं, या जेवायला!" ... "ओ पळणारं, आंबील तरी घ्या!" मी छातीशी हात जोडायचो आणि पुढे जायचो. एका ठिकाणी चार-पाच बायका बांधावर उभ्या होत्या. माझ्या अंगात गुडघ्यावर येणारी चड्डी आणि घामाने चिकटलेला बनियनसारखा शर्ट. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "ह्यांचं घर न्हाय का गं?" त्या हसल्या. माझ्या मागे बऱ्याच अंतरावर उमरग्याचे बसवराज सर येत होते. ते एका शाळेत क्रीडाशिक्षक आहेत, चाळिशीचे, या भागातले सगळ्यांत चांगले धावपटू. दोन-तीन शर्यतींत आमची भेट झाली होती, ओळख 'नमस्कार, सर' एवढीच. माझ्या मागे ते दिसले याचं मला आश्चर्य वाटलं. त्यांनी प्रत्येक हाकेला थांबून घोटभर आंबील घेतली होती, हे नंतर कळलं. धरणावर वळसा घेताना त्यांनी मला गाठलं आणि हात करून पुढे निघून गेले.

परतीच्या वाटेवर माझं पोट बंद पडलं. लांब पल्ल्यात हे होतं. रक्त पायांकडे जातं, पोट काही घ्यायला तयार नसतं. ताकदीसाठी घ्यायच्या गोड जेलच्या पुड्या तोंडात धरवेनात, पाणी प्यायलो की उलटी. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख सुटल्यासारखं वाटत होतं, मांड्या दगड झाल्या होत्या. राजशेखर पुढच्या टप्प्यावर माझी वाट बघत होता, म्हणजे अजून सहा किलोमीटर. मी धावत नव्हतो. चाललो म्हणणंही धाडसाचं होईल. हिशेब साधा होता – या गतीने ठरलेल्या मुदतीत पोचणं शक्य नव्हतं. तिसऱ्यांदा.

तिथं एक म्हातारे गृहस्थ रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. पांढरा सदरा, धोतर, कपाळावर भस्म. त्यांनी हात आडवे केले नाहीत, जोडले.

"पाव्हणं, सकाळधरनं बघतोय. माणसं पळत्यात, हात जोडत्यात, जात्यात. आमचं अन्न काय वाईट हाय का?"

"काका, शर्यत आहे. उशीर झाला तर बाद करतात."

"बाद करू द्या. येळवशीच्या दिशी उपाशी माणूस आमच्या वावरावरनं गेला तर पीक बाद हुतंय. त्याचं काय?"

खरं सांगायचं तर मला थांबायचंच होतं, आणि थांबण्याचा दोष दुसऱ्या कुणाला तरी देता येणार होता.

त्यांच्यामागून ज्वारीतल्या पायवाटेने आत गेलो. कोपीपाशी काकू होत्या, त्यांची सून होती, घरातली दोन-तीन माणसं. कोपीत जाण्याआधी बूट काढले. मोजा काढताना अंगठ्याची अवस्था दिसली. काकूंनी तोंड फिरवलं आणि तांब्याभर पाणी पुढे केलं. उघड्या मांड्यांनी पंगतीत बसायची मला लाज वाटत होती. काकांनी काही न बोलता आपला पंचा माझ्या मांडीवर टाकला.

दिवसभर जे पोट काही घेत नव्हतं, त्यात आंबील गेली. मग उंडा, भज्जी. कुणी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. काकू एवढंच म्हणाल्या, "निवांत खावा. कुणी मागं लागलं न्हाय."

जेवण झाल्यावर मी मनगटावरच्या घड्याळातली नोंद बंद केली. अल्ट्रा धावणाऱ्याला याचा अर्थ कळेल. घड्याळ बंद करणं म्हणजे शर्यत सोडणं. पडद्यावर चोपन्न किलोमीटर दिसत होते. फोन पाहिला, रेंज नव्हती. राजशेखरला थोड्या वेळाने रस्त्यावर जाऊन कळवू असं ठरवून मी कोपीच्या सावलीत आडवा झालो. नंबराचा कागद माझ्या छातीवर, चार पिनांनी लावलेला. बूट उशाशी.

एवढं मला नक्की आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. काका कडब्याची पेंढी पेटवून वावराच्या कडेने फिरवायच्या तयारीत होते. येळवशीला सूर्य मावळताना असा हेंडगा फिरवायची रीत असते. माझ्या अंगावर गोधडी होती. नंबर छातीवर, बूट उशाशी. मी घाईघाईने बूट चढवले, काकांना नमस्कार केला.

"जावा सावकाश," ते म्हणाले. पेंढी पेटलेली असल्याने त्यांना थांबता येत नव्हतं. मी एकटाच लंगडत रस्त्यावर आलो. थोडं पुढे गेल्यावर रेंज आली. राजशेखरला फोन लावला.

"अहो दाजी, हायेत कुठं तुम्ही? जळकोटच्या मांडवात तुमचं नाव दोनदा पुकारलं!"

"राजू, मी सोडली शर्यत. लोहाऱ्याच्या अलीकडे आहे. गाडी घेऊन ये."

मग तो हसला. "चेष्टा करायलाय का? साठच्या टप्प्यावर मला हात करून गेलात, तासाभरापूर्वी तुम्ही आलाय की इथं. म्या सोता मेडल घातलेलं बघितलं. खुर्चीवर बसवलं तुम्हाला, चहा आणाय गेलो तर तुम्ही गायब. मेडल खुर्चीवरच हाय."

"मी लोहाऱ्याच्या अलीकडे आहे."

"तिकडं कुणाच्या गाडीवर गेला?"

मी रस्त्यावर त्याची वाट बघत उभा राहिलो. गाडी आली. राजशेखर उतरला, त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याचा चेहरा मला आवडला नाही. दारू प्यायलेल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं तो बोलत होता.

"बसा दाजी. पाणी प्या. दमलाय तुम्ही. चांगलं पळालाय."

मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "हां हां. बसा."

मांडवात बहुतेक लोक थांबले होते. मी उतरल्यावर टाळ्या झाल्या. आयोजकांनी मला वर बोलावलं, माझ्या गळ्यात हार घातला. मी माइकवर म्हणालो की मी चोपन्न किलोमीटरवर शर्यत सोडली आहे, नोंदीत चूक आहे. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "अजून सव्वीस पळवा ह्यांना!" पुन्हा टाळ्या. चौथे आलेले बसवराज सर पहिल्या रांगेत बसले होते. ते टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी माझ्याच दैनिकाच्या जिल्हा पानावर फोटो आला. शेवटच्या कमानीखालून मी येतो आहे. नंबर माझा, शर्ट माझा, चेहरा माझा. हसतो आहे. पन्नास वर्षांत माझा असा एकही फोटो निघालेला नाही; फोटोत मी ताठ असतो, असं घरचे म्हणतात. या माणसाचे खांदे सैल होते आणि तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता, बाजूला उभ्या असलेल्या कुणाला तरी हात करत होता. मी तो फोटो मोठा करून पाहिला. डावा बूट व्यवस्थित जमिनीवर टेकलेला. लंगडण्याची खूण नाही.

आयोजकांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी संगणकावर नोंदी दाखवल्या – साठ किलोमीटरची पट्टी, सत्तरची, शेवटची. तिन्ही ठिकाणी माझी चिप. वेग सातत्याचा. मी माझं घड्याळ पुढे केलं. त्यातला मार्ग चोपन्न किलोमीटरवर, त्या वावरात थांबलेला होता.

"तुम्ही तिथं घड्याळ बंद केलं आणि परत सुरू करायचं विसरलात," आयोजक म्हणाले. "होतं सर."

शर्यतीचे डॉक्टर तिथेच बसले होते. माणूस सभ्य. त्यांनी मला समजावलं की एवढ्या अंतरावर, उन्हात, मीठ कमी पडलेलं असताना लोकांना भास होतात. कुणाला झाडं चालताना दिसतात, कुणाला मेलेली माणसं सोबत धावताना दिसतात. मी जेवलो, झोपलो हा भास असावा; प्रत्यक्षात मी धावत होतो. नंतर कुणीतरी मोटारसायकलवरून मला माघारी सोडलं असावं.

स्पष्टीकरण चांगलं होतं. ते कुणी बातमीत लिहून आणलं असतं तर मी छापलं असतं. मला ते पटवून घ्यायचंही होतं, कारण मग मी खरंच ऐंशी किलोमीटर धावलो असं ठरलं असतं. दोन दिवस मी तसं पटवून घेतलं. कॉलनीत पेढे वाटले गेले. शेजारच्या शाळेने मला मुलांसमोर 'जिद्द' या विषयावर बोलायला बोलावलं आणि मी होकार दिला. मग भाषणाची टिपणं काढायला बसलो, आणि सत्तर किलोमीटरच्या टप्प्यावर काय वाटत होतं हे लिहायची वेळ आली. लिहायला काही नव्हतं.

मी उमरग्याला बसवराज सरांच्या घरी गेलो. त्यांना सांगितलं की तिसरा क्रमांक तुमचा आहे, आपण दोघं मिळून क्लबला लिहू.

त्यांनी चहा मागवला. मग म्हणाले, "सर, असं का बोलताय? तुम्ही मला पाणी पाजलंय."

"मी?"

"लोहारा सोडला आन् माझ्या पोटऱ्या धरल्या. रस्त्याच्या कडेला पडलोच. तुम्ही मागनं आलात. बसलात. बूट काढून पाय चोळला माझा. आता असं कोण थांबतंय हो शर्यतीत? मीच थांबलो नसतो."

"मी काही बोललो का?"

बसवराज सर हसले. "सर, तुम्हाला कन्नड एवढं चांगलं येतं हे माहीतच नव्हतं. मला वाटलं तुम्ही शहरातले. 'नीर कुडीरी, सर. नीर कुडीरी. नडीरी.' तीनदा म्हणालात. पाणी प्या, चला. आमची आई बोलते तसं बोलत होता अगदी."

मला कन्नड येत नाही. आईवडील एकमेकांशी कन्नड बोलायचे, आम्हा भावंडांशी मराठी. आम्ही संभाजीनगरला शिकलो; आमच्या घरी कन्नड बोलतात हे मी तिथं वर्गात कधी सांगितलं नाही. चार-दोन शब्द ओळखू येतात, तोंडातून निघत नाहीत.

"बसवराज सर, तो मी नव्हतो."

ते थोडे दुखावल्यासारखे झाले. "मग कोण होतं? एवढ्या जवळनं बघितलंय. सर, तुम्हाला उपकार नको असतील तर राहू द्या. पण मला खोटं बोलायला लावू नका. तुम्ही पुढं गेलात आन् मी मागं राहिलो, हे खरं हाय. मी तसंच सांगणार."

म्हणजे एक साक्षीदार झाला. राजशेखर दुसरा. दोघं एकमेकांना ओळखत नव्हते.

आता माझ्या बाजूचं कुणीतरी हवं होतं. राजशेखरला घेऊन मी ते वावर शोधलं. शोधायला त्रास झाला नाही. कोप तशीच उभी होती, थोडी कललेली. काका हरभऱ्यात होते. त्यांनी मला लांबूनच ओळखलं.

"या या, पळणारं पाव्हणं! पाय बरा हाय का?"

राजशेखर जागीच थबकला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

काकांनी बांधावर बसवलं. काकू घरून आल्या, त्यांना निरोप धाडला होता. मी विचारलं – त्या दिवशी मी किती वेळ इथं होतो?

"जेवलात आन् निजलात," काका म्हणाले. "हेंडगा फिरवायच्या वक्ताला उठलात. मधी कुठं गेला न्हाई. आमी सगळी हितंच व्हतो की."

"उठवाय गेले व्हते मी एकडाव," काकू म्हणाल्या. त्यांचं माहेर आळंदचं, कर्नाटकातलं. "अंग लई गार लागत व्हतं. मला भ्या वाटलं. हे म्हनले, श्वास चालू हाय, निजू दे. मग गोधडी टाकली. तुमी झोपंत बोलत व्हता."

"काय बोलत होतो?"

"कन्नडात. म्या म्हनलं, बघा, आपल्यातलाच हाय की पाव्हणा." त्या काकांकडे बघून हसल्या. "'नीर कुडीरी, नीर कुडीरी' करत व्हता. म्या पानी आनलं तर तुमी प्यायला न्हाई. हात नुसता असा असा हलवत व्हता." त्यांनी हवेत हात फिरवून दाखवला. पोटरी चोळतात तसा.

राजशेखर उठून गाडीकडे गेला.

मला इथं थांबता आलं असतं. ज्यासाठी आलो होतो ते कळलं होतं. पण माझ्या पिशवीत टाइप केलेला एक कागद होता. या दिवशी, या वेळेत सदर इसम आमच्या शेतात होता, एवढा मजकूर आणि खाली सहीची जागा. तो मी काढला आणि काकांपुढे धरला. त्यांना वाचून दाखवला. शर्यतवाल्यांना द्यायचा आहे, माझ्या नावावर खोटं लागलं आहे, ते पुसायचं आहे असं सांगितलं.

काकांनी कागद हातात घेतला नाही.

"ह्यात काय लिवलंय म्हनालात? तुमी हितं जेवलात?"

"हो. जेवलो आणि झोपलो."

"आन् त्याच्याखाली म्या अंगठा द्यायचा."

"सही चालेल."

"सही येती मला." "पाव्हणं, येळवशीला जो येतो त्याला आमी नाव इचारत न्हाई, जात इचारत न्हाई. का? जेवणारा कोण हाय ते आपल्याला ठाऊक नसतंय. तुमाला जेवाय घातलं म्हनून आता म्या लिवून देऊ? उद्या आमच्या वावरात कोण येईल जेवायला? म्हनतील, हे लिवून ठेवत्यात."

"काका, हे खरं आहे म्हणून तर –"

"खरं हाय. म्या कवा न्हाई म्हनलं? कुणी हितं येऊन इचारलं तर सांगीन बी. पर जेवणाचा दाखला न्हाई देत." मग त्यांचा आवाज खाली आला. "तुमी असं मागाय नव्हतं पायजे."

काकू खाली बघत होत्या. मी कागदाची घडी केली. आजवर अनेक दारांत उभं राहून लोकांना नको असलेले प्रश्न विचारले आहेत. तो कामाचा भाग होता. त्या बांधावर मला जे वाटलं, ते कधी वाटलं नव्हतं. ज्यांनी अर्धमेल्या माणसाला नाव न विचारता जेवू घातलं, पांघरूण घातलं, त्यांच्याकडे मी त्याची पावती मागायला गेलो होतो. काकूंनी निघताना हरभऱ्याचे डहाळे दिले. ते नाही म्हणायचं धाडस मला झालं नाही.

परतताना राजशेखर गाडी चालवत होता. मुरुमजवळ तो म्हणाला, "दाजी, म्या चहा आणाय गेलो तवा तुम्ही मला काय म्हणालात, सांगू?"

"सांग."

"म्हणालात, 'तू जेवलास का?' दिवसभर तुमच्या मागं गाडी पळवायलो. कधी इचारलं न्हाय तुम्ही. त्या दिवशी इचारलं. मला बरं वाटलं व्हतं." मग तो म्हणाला, "ते तुम्ही नव्हता म्हणता."

मी मांडीवरचे हरभऱ्याचे डहाळे त्याच्यापुढे धरले.

शाळेतलं भाषण मी रद्द केलं. क्लबला लेखी कळवलं की माझं नाव निकालातून काढावं. त्यांचं उत्तर नम्र होतं – यंत्राची नोंद, छायाचित्र आणि स्पर्धकाची साक्ष एका बाजूला आहे; दुसऱ्या बाजूला फक्त तुमचं म्हणणं. आमच्या दैनिकात दुरुस्ती छापावी म्हणून डेस्कवरच्या माझ्या जागी आता असलेल्या सहकाऱ्याला फोन केला. मीच तयार केलेला मुलगा. त्याने सगळं ऐकलं आणि अडखळत विचारलं, "सर, हे सांगणारं दुसरं कुणी आहे का?"

मी काकांचं नाव सांगितलं नाही. त्याने कुणाला तरी पाठवलं असतं, आणि काकांनी खरं सांगितलं असतं.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. डॉक्टरांचं स्पष्टीकरण काकूंच्या बोलण्यापाशी अडतं. चोरी, नंबरांची अदलाबदल, सारख्या चेहऱ्याचा माणूस – सगळं तपासून झालं. यातलं काहीही राजशेखरने मला बसवलेल्या त्या खुर्चीपर्यंत पोचत नाही. सध्या मी धावत नाही.

निकाल बदललेला नाही. यंदाची शर्यत क्लबने येळवशीचा दिवस सोडून ठेवली आहे. गेल्या शर्यतीतल्या पहिल्या तिघांना तिथं थेट प्रवेश असतो. मी माझा प्रवेश लेखी सोडून तो बसवराज सरांना द्यावा असं कळवलं. त्यांनी तो घेतला नाही. इतरांसारखा रीतसर अर्ज भरला. तो अर्ज स्वीकारल्याचं क्लबने मला परवा फोनवर सांगितलं.